जाऱ्याचा डोरा

बाबांचा फोन आला तेव्हा मी आठव्या धुण्यात होते.
"मामा तरावात तीन बदकं भेटले. मेलेले.
जाऱ्यात नाई, जाऱ्याच्या बाहीर.
तुह्या कामाचे आहेत का?"
जणू पिशवीभर शिंगाडे धाडू का, असं.

मी म्हटलं, हात लावू नका.
"लावला ना. नाई तं पायनार कसं?"

आमच्या चिचटोल्याला ळ येत नाही.
तळं तिथं तरा, डोळा डोरा,
आणि जाळ्याचा डोळा,
ज्यातून पाणी जातं नि मासा अडतो,
तो जाऱ्याचा डोरा.
नागपुरातल्या पहिल्या वर्षी
मी माझा ळ घासून घासून घडवला.
फोनवर अजून निसटतो.

प्रयोगशाळेत जाळं नसतं.
नुसते धागे: डीएनएचे, एकेरी, इवले,
एका थेंबात इतके
की मोजणारा माणूस गणित सोडून देईल.
कुणी विणलेले नाहीत.
जसे पडले तसे स्वतःवर वळले,
कुणाचा फास झाला, कुणाचा केसातला आकडा.
ते ओतायचे फ्लूच्या काट्यांवर
आणि धुवायचं.
सुटला तो मोरीत.
चिकटला त्याच्या लाखो नकला,
पुन्हा ओतायचं, पुन्हा धुवायचं, आणखी कडक.
आई लाखोळीच्या डाळीचं पाणी फेकायची
ते विष जावं म्हणून.
आम्ही फेकतो त्यांचा काही दोष नसतो.

शेवटी उरतात ते हट्टी.
त्यांना म्हणायचं ॲप्टामर.

विषाणू दार फोडून येत नाही, बाबा.
घशातल्या पेशीच्या अंगावर साखर असते,
तिला तो हात घालतो,
जावयानं कडीला घालावा तसा, हक्कानं.
आमचा धागा त्या हातातच जाऊन बसतो.
मारत नाही, जाळत नाही.
फक्त हात रिकामा ठेवत नाही.

"म्हंजे गर अडकला," बाबा म्हणाले.
हो. तसंच काहीसं.

शनिवारी मी पोचले तेव्हा
तलावाच्या पाळीवर चुन्याची रेघ होती
आणि पांढऱ्या पोशाखातली सहा माणसं
फुलवंता मावशीच्या अंगणात.
एकही कोंबडी शिंकली नव्हती.
मावशी प्रत्येकीला नावानं धरून देत होती,
कारण बाकी कुणाच्या हाती त्या येईनात.

नमुने भोपाळला गेले होते.
माझ्या पट्टीनं ते वीस मिनिटांत सांगितलं असतं,
असं आम्हाला वाटतं;
पण तिचं बोलणं अजून कुणी धरत नाही.
ती फ्रीजमध्ये, चार अंशांवर, गप्प.
आणि खरं सांगू, मलाही खात्री नव्हती.
हा विषाणू आमच्याच टोल्यातला असावा:
एका हिवाळ्यात ळ म्हणतो, पुढच्यात र,
आणि आमचा धागा
जुन्या नावानं हाका मारत उभा.

बाबांना ताप नाही.
सकाळ-संध्याकाळ विचारते.
सहाव्या दिवशी ते चिडले,
डोंगा उलटा घातलेला, काम नाही,
पडवीत बसून फाटलेला डोरा सांधत होते
बांबूच्या सुईनं.
मी शेजारी बसले.
वहीवर धाग्याचं चित्र काढून दाखवलं,
कुठं वळतो, कुठं स्वतःलाच धरतो.
त्यांनी वही लांब धरली, जवळ धरली.
"गाठ बरी आहे," म्हणाले.

मग बराच वेळ काही नाही.
मावशीच्या अंगणातलं रिकामं डालगं
वाऱ्यानं थोडं सरकलं, थांबलं.

"आन् जे धुवून गेले," त्यांनी विचारलं,
"ते कोटी जातात?"

मोरीत, मी म्हटलं.

सुई थांबली.
"लहान मासा तं आमी बी सोडतो," ते म्हणाले.
"पर पान्यात सोडतो."